ओलिताच्या पाण्याचे परीक्षण : नमुना कसा घ्यावा व तो यंत्रात कसा जातो

नांदेड व लातूर जिल्ह्यांतील बरीचशी जमीन काळी व भारी आहे. ओलिताच्या पाण्यात सोडियम अधिक असल्यास अशा जमिनीचे कण विलग होतात, निचरा खुंटतो व जमीन हळूहळू चोपण बनते. ती पुन्हा सुधारण्यास वर्षे लागतात. म्हणून नव्या विहिरीचे वा बोअरचे पाणी पिकास देण्यापूर्वी त्याचे पृथक्करण करून घ्यावे. मात्र नमुनाच सदोष असेल, तर उत्तम यंत्रही खरे उत्तर देऊ शकत नाही.

नमुना घेण्याची रीत

१. पंप दहा-पंधरा मिनिटे चालवून नळातील साचलेले पाणी जाऊ द्यावे. पंप नसल्यास विहिरीच्या मध्यभागी पोहरा खोल बुडवून पाणी काढावे.

२. एक लिटरची स्वच्छ प्लॅस्टिकची बाटली घ्यावी. औषधाची, खताची वा तेलाची बाटली वर्ज्य समजावी. धुण्याच्या सोड्याचा अंश राहिला, तरी सोडियम वाढलेले दिसते व चांगली विहीर नाहक वाईट ठरते. बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळावी.

३. बाटली काठोकाठ भरून घट्ट बूच लावावे. आत हवा राहिल्यास पाण्यातील कर्बवायू निघून जातो, चुना तळाशी बसतो व कॅल्शियमचा आकडा कमी येतो.

४. नाव, गाव, गट क्रमांक, तारीख, विहिरीची खोली व पीक लिहिलेली चिठ्ठी बाटलीस बाहेरून लावावी. नमुना शक्यतो चोवीस तासांत प्रयोगशाळेत पोचवावा. तोवर तो थंड जागी, सावलीत ठेवावा.

प्रयोगशाळेतील काम

तेथे पाणी प्रथम गाळणकागदातून गाळतात. फ्लेम फोटोमीटर हे यंत्र केसासारख्या बारीक नळीने पाणी शोषून त्याचे तुषार ज्योतीत सोडते. गाळ राहिल्यास ती नळी तुंबते व आकडा खोटा येतो. सोडियममुळे ज्योत पिवळी होते. त्या प्रकाशाच्या तीव्रतेवरून प्रमाण कळते. आधी ऊर्ध्वपातित पाणी व ज्ञात प्रमाणाची द्रावणे देऊन यंत्र जुळवितात. नमुना फार खारट असल्यास तो दहापट पातळ करून आलेला आकडा दहाने गुणतात. दोन नमुन्यांच्या मध्ये नळी ऊर्ध्वपातित पाण्याने धुतात.

अहवाल कसा वाचावा

विद्युतवाहकता ०.७५ डेसिसायमन प्रति मीटरपर्यंत असल्यास क्षार कमी ते मध्यम, ०.७५ ते २.२५ पर्यंत अधिक व त्यापुढे अत्यधिक समजतात. परंतु केवळ हा आकडा पाहून निश्चिंत होऊ नये. क्षार कमी असूनही त्यांत सोडियमच प्रमुख असेल, तर काळ्या जमिनीस धोका असतो. अशा वेळी जिप्समचा वापर तज्ज्ञांच्या सल्ल्यानेच करावा.

ग्रामकार्यकर्त्यांनी पहिला नमुना शेतकऱ्यांसमक्ष स्वतः घेऊन दाखवावा. बाटली विसळण्यास लागणारी दोन मिनिटे पुढे शेताची कित्येक वर्षे वाचवितात.