दुरुस्तीच्या लहान कारखान्यातील नोंदींची नवी व्यवस्था

उन्हाळ कांद्याच्या पट्ट्यात फेब्रुवारी-मार्चचे दिवस पंपदुरुस्तीच्या दुकानात मोठ्या घाईचे असतात. कांदा पोसण्याच्या सुमारास पाण्याची पाळी चुकली, तर गाठ लहान राहते आणि मागाहून दिलेल्या पाण्याने ती तूट पुरती भरून निघत नाही. अशा वेळी जळालेली मोटर गाडीत घालून आलेला शेतकरी दुकानदारास एकच प्रश्न विचारतो, तो म्हणजे मोटर केव्हा मिळेल. या प्रश्नाचे उत्तर बहुतेक ठिकाणी अंदाजाने दिले जाते. 'परवा या' असे सांगितले जाते. परवा शेतकरी पुन्हा गाडीभाडे खर्चून येतो, तेव्हा मोटर अद्याप खोललेलीही नसते, किंवा खोलली असून बेअरिंगवाचून अडलेली असते. या प्रकारात कारागिराच्या हाताला दोष देता येत नाही. कोणते काम कोठवर आले आहे ही माहिती कोणा एकाच्या डोक्यात असते आणि तो माणूस नेमका त्या वेळी तालुक्याला गेलेला असतो, हे खरे कारण होय.

दोन किंवा तीन माणसांनी चालविलेल्या दुकानात हिशेबाची वही नसते असे नाही. रोजमेळ असतो, उधारीची खतावणी असते. परंतु या वह्या पैशाची हकिकत सांगतात. यंत्राची सांगत नाहीत. यंत्राची हकिकत सांगणारी व्यवस्था कशी बसवावी, याचा विचार येथे केला आहे. अशी व्यवस्था म्हटली की संगणकच डोळ्यांपुढे येतो. संगणकाचा प्रश्न शेवटी येतो, आणि तो शेवटीच यावा हे हिताचे.

प्रथम प्रश्न, मग वही

नवी व्यवस्था आखणाऱ्याने आरंभी कोरा कागद घेऊन रकाने पाडू नयेत. एक आठवडा दुकानात बसून लोक काय विचारतात व कारागीर कशासाठी काम थांबवितो, एवढेच टिपून घ्यावे. आठवड्याअखेर असे दिसून येईल की प्रश्न फार थोडे आहेत : हे यंत्र कोणाचे, त्याला काय झाले आहे, ते कोठवर आले, कशासाठी अडले, मागच्या खेपेस काय केले होते, आणि पैसे किती येणे आहेत. ज्या रकान्याने यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर मिळत नाही, तो रकाना काढून टाकावा. मोठ्या कारखान्यातील छापील नमुने आणून लहान दुकानात लावण्याचा मोह पुष्कळांना होतो. त्यातील निम्मे रकाने पहिल्याच महिन्यात कोरे राहतात, आणि कोऱ्या रकान्यांची सवय लागली की भरावयाचे रकानेही कोरे राहू लागतात.

क्रमांक व बिल्ला

यंत्र दुकानात येताच त्यास एक क्रमांक द्यावा. हा क्रमांक तीन ठिकाणी असावा : आवक वहीत, शेतकऱ्याच्या हाती दिलेल्या पावतीवर आणि खुद्द यंत्रावर. पहिल्या दोन गोष्टी सोप्या आहेत. तिसरीत बहुधा चूक होते. कागदाची चिठ्ठी दोऱ्याने बांधली तर ती रॉकेल-डिझेलच्या धुण्यात विरते. खडूने लिहिलेला आकडा पुसला जातो. आणि मोटर भट्टीत गेली की रंगाने घातलेला आकडाही काळवंडतो. पत्र्याचे लहान बिल्ले करून त्यांवर ठोकणीने १ पासून १०० पर्यंत आकडे उठवावेत व ते तारेने यंत्राला बांधावेत. यंत्र परत गेले की बिल्ला खुंटीवर लागतो व पुन्हा वापरता येतो. मोटर खोलल्यावर तिचे झाकण, पंखा, बोल्ट, चावी हे सुटे भाग ज्या घमेल्यात ठेवले जातील, त्या घमेल्यावरही तोच क्रमांक असावा. एकसारख्या दिसणाऱ्या पाच अश्वशक्तीच्या चार मोटरी एकाच वेळी खोललेल्या असताना झाकणांची अदलाबदल होते, आणि मग नव्या वेढ्यांची मोटरही आवाज करते.

आवक वहीत तक्रारीसाठी एक आणि तपासणीत आढळलेल्या दोषासाठी दुसरा, असे दोन रकाने अवश्य ठेवावेत. शेतकरी 'मोटर जळाली' म्हणतो. खोलल्यावर बेअरिंग फुटलेले निघते, किंवा एक फेजच्या मोटरीत केवळ कपॅसिटर गेलेला असतो. दोन्ही गोष्टी एकाच रकान्यात लिहिल्या तर पुढे कशाचाच बोध होत नाही. पाटीवरील अश्वशक्ती, व्होल्ट, अँपिअर व फेरे हेही याच वेळी उतरून घ्यावेत. पाटी झिजलेली असल्यास तसे लिहावे. अंदाजाने आकडा भरू नये.

वाइंडिंगची नोंद

वाइंडिंगची वही ही या व्यवस्थेतील सर्वांत मोलाची वही होय, आणि तीच सर्वांत कमी दुकानांत आढळते. जळालेल्या मोटरीतील जुनी तार कापून काढण्यापूर्वी स्टेटरला खाचा किती, कॉइल कोणत्या खाचेतून निघून कोणत्या खाचेत शिरते, एका कॉइलला वेढे किती, तारेचे गेज कोणते, तारा एकेरी की जोडीने, आणि जोडणी स्टार की डेल्टा, हे सर्व पाहून घ्यावे लागते. एकदा तार कापली की ही माहिती त्या मोटरीतून कायमची गेली. अनुभवी कारागीर ती मनात ठेवतो किंवा सिगारेटच्या पाकिटावर लिहून ठेवतो. तो आजारी पडला, किंवा त्याने दुसऱ्या गावी स्वतःचे दुकान काढले, तर वीस वर्षांचे ज्ञान त्याच्याबरोबर जाते. गेज लिहिताना तारेवरील इनॅमल काढून मायक्रोमीटरने माप घ्यावे. गेजचा आकडा वाढतो तशी तार बारीक होते, हे नव्या उमेदवाराच्या ध्यानात राहात नाही. म्हणून गेजबरोबर मिलिमीटरमधील जाडीही लिहावी.

या वहीची मांडणी तारखेप्रमाणे न करता बनावट व अश्वशक्तीप्रमाणे करावी. त्याच बनावटीची मोटर पुन्हा आली की पान उघडून पडताळा घेता येतो. मागच्या खेपेस कोणी वेढे कमी घातले असल्यास तेही उघड होते. कारण एकदा चुकलेली मोटर दुसरा कारागीर जशीच्या तशी नक्कल करून पुन्हा चुकीचीच भरतो.

कामाचा फळा

दुकानात सर्वांना दिसेल असा एक काळा फळा लावावा. त्यावर क्रमांक, टप्पा व वायद्याचा दिवस एवढेच लिहावे. टप्पे कारागिरांच्या बोलीतले असावेत : खोलली, साफ केली, भरली, वार्निश दिले, सुकली, चाचणी झाली. या फळ्यामुळे वायदा करणे हिशेबाचे काम होते. वाइंडिंगचा कारागीर दिवसाला दोन मोटरी भरतो असे धरले आणि पुढे नऊ मोटरी उभ्या असल्या, तर दहावी मोटर पाचव्या दिवशी भरून होईल. वार्निश सुकणे व चाचणी यांस आणखी एक दिवस धरला तर सहावा दिवस सांगावा. सहावा दिवस ऐकून शेतकरी नाराज होईल. कदाचित दुसरीकडे जाईल. पण तो शेजाऱ्याकडून पाण्याची एक पाळी मागून घेण्याची तजवीज आजच करू शकेल, आणि 'परवा या' ऐकणाऱ्यास तेवढीही सवड मिळत नाही.

सुकण्याचा टप्पा फळ्यावर वेगळा ठेवण्यास कारण आहे. घाईत हाच वेळ कापला जातो. ओल्या वार्निशाची मोटर विहिरीवर गेली की थोड्याच दिवसांत परत येते. पावसाळी हवेत हा वेळ आणखी लागतो.

सुट्या भागांचा साठा

साठ्याच्या नोंदीत भागाचे नाव पुरेसे नसते. क्रमांक अचूक हवा. ६२०६ व ६३०६ या दोन्ही बेअरिंगांचे आतील भोक ३० मिलिमीटरचेच असते. परंतु बाहेरचा व्यास पहिल्याचा ६२ व दुसऱ्याचा ७२ मिलिमीटर असतो. चिठ्ठीवर एक आकडा चुकला की जिल्ह्याच्या गावाची एक खेप फुकट जाते, आणि ती खेप मार्च महिन्यातली असते.

प्रत्येक भागासाठी एक पत्रक करून त्यावर आवक, जावक व शिल्लक लिहावी, आणि शिल्लक किती उरली असता मागणी करावयाची तो आकडा वर ठळक लिहावा. तो आकडा असा काढावा : हंगामात आठवड्याला चार बेअरिंगे लागतात व माल येण्यास दोन आठवडे जातात, तर त्या काळात आठ खपतील, अडीअडचणीसाठी तीन धरून अकरा शिल्लक राहताच मागणी पाठवावी. पावसाळ्यात आठवड्याला एकच लागत असेल, तर तोच आकडा पाचवर येतो. वर्षभर एकच आकडा ठेवणाऱ्या दुकानात पावसाळ्यात पैसा अडकून पडतो व उन्हाळ्यात माल संपतो.

पैशाच्या बाबतीत जुनी कीर्द-खतावणी मोडू नये; फक्त प्रत्येक नोंदीपुढे कामाचा क्रमांक घालावा आणि मजुरी व सुटे भाग वेगळे दाखवावेत. १ जुलै २०१७ पासून लागू झालेल्या वस्तू व सेवा कराखाली महाराष्ट्रात सेवा देणाऱ्या व्यवसायाची वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांवर गेली की नोंदणी करावी लागते. आपण त्या मर्यादेच्या किती जवळ आहोत हे दुकानदारास वर्षअखेर नव्हे, दर महिन्यास कळले पाहिजे.

गावाच्या उपयोगाची माहिती

आवक वहीत आणखी एक रकाना ठेवण्याविषयी गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी दुकानदारास सुचवावे. तो म्हणजे मोटर कोणत्या रोहित्रावरची आहे, शेतकऱ्यांच्या भाषेत कोणत्या डी.पी.वरची. तीन फेजच्या मोटरीची एक फेज गेली, तरी चालू असलेली मोटर बंद पडतेच असे नाही. ती उरलेल्या फेजांवर जादा प्रवाह ओढीत राहते व जळते. अशी मोटर खोलल्यावर कॉइलचे काही गट काळे पडलेले व काही स्वच्छ दिसतात. सर्व गट सारखेच काळवंडले असतील, तर कमी दाब, जादा भार किंवा पंप अडकणे, यांपैकी काही असावे. कारागिरास हे एका दृष्टिक्षेपात कळते. पण तो ते कोणास सांगत नाही, कारण कोणी विचारीत नाही. हंगामाच्या शेवटी एकाच रोहित्रावरील बऱ्याच मोटरी एकाच प्रकारे जळल्याचे वहीवरून दिसले, तर ती नोंद वीज कंपनीच्या कार्यालयात नेता येते. 'आमच्याकडे वीज बरोबर येत नाही' या तोंडी तक्रारीपेक्षा तारखांसह दिलेल्या यादीस उत्तर देणे कोणत्याही अधिकाऱ्यास भाग पडते. सुरक्षेचे उपकरण न बसविणाऱ्या किंवा त्याची तार परस्पर जोडून टाकणाऱ्या शेतकऱ्यांस समजावितानाही हीच यादी उपयोगी पडेल.

केव्हा सुरू करावे

नवी व्यवस्था ऐन हंगामात सुरू करू नये. मार्चमध्ये सुरू केलेली वही एप्रिलमध्ये बंद पडते. पंपांचे काम आषाढ-श्रावणात उतरते. तेव्हा फवारणी पंपांच्या किरकोळ दुरुस्त्यांवर नवी पद्धत चालवून पाहावी. त्या अवधीत जुनी पद्धतही चालू ठेवावी व दर शनिवारी दोहोंचा मेळ घ्यावा. जेथे मेळ बसत नाही, तेथे बहुधा माणसाची चूक नसून रकाना चुकीचा असतो. खंडेनवमीला अवजारांची पूजा होईतो दुरुस्त्या संपवाव्यात व दिवाळीच्या पाडव्याला नव्या वह्यांबरोबर पद्धत पुरती लागू करावी. रकाने ठरविताना कारागिरास बाजूला ठेवू नये. लिहावयाचे त्यालाच आहे, आणि त्याचे हात तेलाने माखलेले असतात. म्हणून जे एका खुणेने भागेल तेथे वाक्य लिहावयास लावू नये.

संगणक व मोबाईल

वर्षभर वही नीट चालल्यावर ती संगणकावरील तक्त्यात उतरविणे अवघड नसते. रकाने तेच राहतात. लाभ शोधण्यात आहे : तीन वर्षांपूर्वी आलेल्या मोटरीची नोंद क्षणात सापडते. वही नीट चालत नसेल तर संगणकही चालणार नाही, केवळ गोंधळ अधिक नीटस अक्षरात दिसेल. मोबाईलचा उपयोग मात्र पहिल्या दिवसापासून करावा. तार कापण्यापूर्वी जोडणीचे व पाटीचे छायाचित्र, बिल्ल्याचा क्रमांक त्यात दिसेल अशा रीतीने घ्यावे. मोटर तयार झाल्याचा संदेश धाडला म्हणजे शेतकऱ्याची एक खेप वाचते.

ही सर्व माहिती दुकानदाराच्या एकाच फोनमध्ये राहू देऊ नये. फोन विहिरीत पडतो, चोरीस जातो, मुलांच्या हातून पुसला जातो. दर आठवड्यास तिची एक प्रत दुसऱ्या ठिकाणी ठेवावी, आणि ती प्रत महिन्यातून एकदा प्रत्यक्ष उघडून पाहावी. वाइंडिंगची वही मात्र संगणक आल्यावरही कागदावर चालू ठेवावी. भारनियमनाच्या वेळी ती कारागिराच्या शेजारी उघडी असते, आणि तिला वीज लागत नाही.