आजीचं बोलणं वहीत उतरवा

मैत्रिणींनो, जळगावच्या बहिणाबाई चौधरींचं नाव तुम्हाला माहीत आहे. १८८० साली असोद्याला शेतकऱ्याच्या घरात जन्म. शाळा नाही. ऐन तिशीत नवरा गेला, पदरात तीन लेकरं. शेत, दळण, चूल, सगळं त्या माउलीनं ओढलं आणि ते ओढता ओढताच गाणी रचली. लिहिता येत नव्हतं. मुलगा सोपानदेव आणि मावसभावानं ऐकून काही गाणी उतरवून घेतली, तेवढीच राहिली. ३ डिसेंबर १९५१ ला त्या गेल्या. पुस्तक निघालं १९५२ मध्ये. त्यांनी ते पाहिलंच नाही.

आता आपलं बघू. गटाची बचतीची वही आपण चोख ठेवतो, पण आजेसासूचं माहेर कोणतं, हे किती जणींना सांगता येईल? (मलाही आलं नव्हतं.)

म्हातारीला समोर बसवून "सांगा" म्हटलं, तर ती म्हणते, "माझं काय सांगायचं?" म्हणून ती धान्य निवडत असताना शेजारी बसा, तिला विचारून मोबाईलवर आवाज भरून घ्या. पहिली मजुरी किती मिळाली? दुष्काळात लेकरांना काय खाऊ घातलं? बियाणं कशात ठेवायची? जात्यावर काय म्हणायची? गेलेल्या लेकराचा विषय निघाला तर खोदून विचारू नका, नुसतं ऐका.

लिहिताना तिची बोली तशीच ठेवा, शुद्ध करत बसू नका. वर गाव आणि तारीख टाका. आणि लिहिलेलं आधी तिलाच वाचून दाखवा.