बियांचा सुकाळ आणि उंदरांची संख्या : मिझोरामचे उदाहरण

अन्न वाढले की ते खाणाऱ्या प्राण्यांची संख्या वाढते, हे आपण मागील घटकात पाहिले. मात्र ही वाढ अन्नाच्या मागून, काहीशी उशिरा होते. या विलंबाचे परिणाम किती दूरवर पोचतात, हे समजून घेण्यासाठी मिझोरामच्या बांबूवनांकडे पाहू.

तेथे ‘मेलोकाना बॅक्सीफेरा’ या जातीचा बांबू विस्तीर्ण क्षेत्रात वाढतो. सुमारे ४८ वर्षांतून एकदा तो सर्वत्र जवळजवळ एकाच सुमारास फुलतो, फळतो आणि मरतो. मिझो लोक या घटनेला ‘माउताम’ म्हणतात. (बांबू हा वृक्ष नव्हे, गवत आहे, पण ओक व बीच हे वृक्षही काही वर्षांआड असेच एकदम भरघोस बी धरतात आणि युरोपातील वनांत त्यापाठोपाठ उंदीर वाढतात.)

बांबूला यातून काय साधते? दरवर्षी थोडे थोडे बी आले असते, तर प्राण्यांनी ते सारे फस्त केले असते. एकदम रास पडली, की खाणाऱ्यांची पोटे भरूनही रुजण्यापुरते बी उरते. डॅनिअल जॅन्झन या परिसरशास्त्रज्ञाने १९७६ साली बांबूच्या संदर्भात हे स्पष्टीकरण मांडले.

आता उंदरांच्या बाजूने पाहा. मादीचा गर्भकाळ सुमारे तीन आठवड्यांचा असतो आणि पिल्ले काही महिन्यांतच प्रजननक्षम होतात. एरवी अन्नटंचाई या वाढीला आवर घालते. तो आवर सुटला, की पिढीमागून पिढी निपजते. पावसाळ्यात उरलेले बी रुजते. अन्न संपते, उंदीर मात्र असतात. ते झूम शेतांतील भातावर उतरतात. म्हणजे संकट सुकाळात नव्हे, सुकाळ सरताना येते. परीक्षेतील उत्तरांत नेमका हाच मुद्दा सुटतो, म्हणून तो अधोरेखित करून ठेवा.

१९५८-५९ च्या माउताममध्ये दुष्काळ पडला. शासनाची मदत अपुरी असल्याचा रोष मिझो समाजात पसरला. दुष्काळग्रस्तांसाठी काम करणाऱ्या ‘मिझो नॅशनल फॅमिन फ्रंट’मधून १९६१ साली ‘मिझो नॅशनल फ्रंट’ हा पक्ष उभा राहिला. १९६६ मध्ये त्याने सशस्त्र उठाव केला आणि शांतता करार व्हायला १९८६ उजाडले. उठावाचे खापर केवळ उंदरांवर फोडणे भाबडेपणाचे होईल. परंतु त्यांना वगळून हा इतिहास सांगताही येत नाही. पुढचा बहर २००६-०८ च्या सुमारास येणार हे आधीच ठाऊक होते. त्या वेळी प्रशासनाने उंदराच्या प्रत्येक शेपटीमागे बक्षीस ठेवले. तरीही भाताची हानी टळली नाही.

स्वयं-अध्ययन प्रश्न : उंदीर मारण्याची मोहीम बांबूची फळे गळू लागताच हाती घ्यावी, की भात पिकू लागल्यावर? वर दिलेल्या घटनाक्रमाच्या आधारे आठ-दहा ओळींत उत्तर लिहा.