कार्ड उडालेलं नसतं

भिलाईच्या हथखोज भागात सीएनसी टेबल मधेच थांबलं की पहिलं वाक्य ठरलेलं असतं : "भैया, कार्ड उड़ गया." ऑपरेटर तेच म्हणतो, इलेक्ट्रिशियन तेच म्हणतो, विक्रेत्याचा माणूस तर फोनवर मशीन न बघताच म्हणतो. कार्ड म्हणजे कॉम्प्युटर आणि मोटर-ड्रायव्हर यांच्यामधला कंट्रोलर किंवा ब्रेकआउट बोर्ड. तो क्वचितच मेलेला असतो. आमच्या शेडमध्ये तो दोनदा बदलला गेला आणि दोन्ही वेळा चांगला बोर्ड कपाटात गेला.

आमचं काम साधं आहे. 1959 साली इथल्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी सुरू झाली आणि पुढे कारखान्याच्या भोवती फॅब्रिकेशनच्या शेड उभ्या राहिल्या, त्यांतलीच आमची एक. बेस प्लेट, गसेट, फ्लँज. 6 ते 16 मिलिमीटरची माइल्ड स्टीलची प्लेट, वर फिरणारा प्लाझ्मा टॉर्च. कॉम्प्युटरच्या पॅरलल पोर्टमधून 25 पिनची केबल बोर्डाला, बोर्डातून ड्रायव्हरला, ड्रायव्हरमधून स्टेपर मोटरला. टॉर्चने प्लेटला भोक पाडायला सुरुवात केली की गॅन्ट्री जागच्या जागी थांबायची आणि पडद्यावर यायचं, लिमिट स्विच दाबला गेला. स्विचच्या जवळपाससुद्धा गॅन्ट्री नसायची.

विक्रेत्याने आधी बोर्ड बदलायला लावला, मग कॉम्प्युटर. नव्या कॉम्प्युटरला पॅरलल पोर्टच नव्हता, म्हणून यूएसबीवर चालणारा कंट्रोलर आला. आता लिमिटच्या संदेशाबरोबर कंट्रोलरचा संपर्कही तुटू लागला. पूर्वी निदान रीसेट करून पुढे जाता यायचं. आता जॉब अर्ध्यावर आणि प्लेट भंगारात.

शेवटी गणेशोत्सवाच्या ओळखीतले एक काका आले. कारखान्याच्या इन्स्ट्रुमेंटेशनमधून निवृत्त झालेले. आमचा दुर्ग जिल्हा 1956 पर्यंत नागपूर राजधानी असलेल्या राज्यात होता, त्यामुळे इकडे मराठी घरं जुनी आहेत आणि अशी माणसं ओळखीत सापडतात. त्यांनी पॅनल उघडलंच नाही. "थांबतं कधी?" एवढंच विचारलं. "कधीही थांबतं, काका." "कधीही थांबणारं मशीन मी नोकरीत एकही पाहिलं नाही. नीट बघून सांग."

मग त्यांनी तोच प्रोग्राम टॉर्च बंद ठेवून चालवायला लावला. पूर्ण झाला, एकही चूक नाही. प्लाझ्माचा पॉवर सोर्स चालू पण आर्क नाही, तरीही ठीक. तिसऱ्या वेळी टेबल उभं ठेवून हाताने आर्क मारायला सांगितला आणि स्वतः सॉफ्टवेअरचं डायग्नोस्टिक पान उघडून बसले. प्रत्येक आर्कला लिमिटचा दिवा लुकलुकत होता. बोर्ड निर्दोष होता. जे सिग्नल त्याच्याकडे येत होते, तेच खोटे होते.

कारण समजून घेण्यासारखं आहे. हाय-फ्रिक्वेन्सी स्टार्टचा प्लाझ्मा आर्क पेटवताना हजारो व्होल्टची ठिणगी वापरतो. ती टॉर्चच्या केबलमधून जाते आणि शेजारच्या प्रत्येक तारेत थोडा व्होल्टेज उमटवते. आमच्या लिमिट स्विचच्या तारा साध्या, विनाशिल्डच्या, त्याच ट्रेमध्ये टॉर्चच्या केबलला चिकटून गेलेल्या. त्यांच्यावर 5 व्होल्टचा सिग्नल. अशा लॉजिकमध्ये 0.8 व्होल्टच्या खाली शून्य आणि 2 व्होल्टच्या वर एक धरतात, म्हणजे दोन-तीन व्होल्टचा झटका 'स्विच दाबला' असं सांगायला पुरतो. तोच स्विच 24 व्होल्टवर, ऑप्टो-कपलरमधून आणला तर त्याच झटक्याला फारशी किंमत उरत नाही.

उपाय स्वस्त निघाले. टॉर्चची केबल वेगळ्या मार्गाने नेली. जिथे सिग्नलची तार ओलांडावीच लागली तिथे काटकोनात ओलांडली. लिमिट आणि ई-स्टॉपला शिल्डेड केबल घातली आणि शिल्ड फक्त पॅनलच्या बाजूला अर्थ केली. दोन्ही टोकांना अर्थ केली तर शिल्डमधूनच करंट फिरतो आणि दुखणं वाढतं. ही चूक मी नंतर कितीतरी पॅनलमध्ये पाहिली. स्विच नॉर्मली क्लोज्ड ठेवले, म्हणजे तार तुटली तरी मशीन थांबते. सॉफ्टवेअरमधला डीबाउन्स वाढवला. पॅनल, टेबल आणि प्लाझ्माचा अर्थ एकातून दुसऱ्यात माळेसारखा गेला होता. तो तोडून प्रत्येकाची जाड तार एकाच बसबारला आणली आणि टेबलाशेजारी वेगळा अर्थ रॉड ठोकून तोही त्याच बसबारला जोडला.

अर्थिंगबद्दल आमच्या भागाला एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. इथली जमीन बरीचशी मुरमाड. मे महिन्यात पारा 45 च्या आसपास जातो, माती कोरडी ठणठणीत होते आणि अर्थचा रोध वाढतो. जानेवारीत बिनतक्रार चालणारं टेबल मेमध्ये अचानक वेड्यासारखं वागलं तर आधी अर्थच्या खड्ड्यात पाणी घाला, मग टेस्टरने रोध मोजून घ्या.

काकांचा 'कधी' हा प्रश्न पुढे इतर ठिकाणीही उपयोगी पडला. दुर्गमध्ये लाकडावर अक्षरं कोरणाऱ्या एका राउटरवर काम थांबत नव्हतं, पण प्रत्येक थर आधीच्यापेक्षा थोडा डावीकडे सरकायचा. नेहमी डावीकडेच. नॉइज अशी शिस्त पाळत नाही. नॉइजची चूक कधी इकडे, कधी तिकडे. बेल्ट किंवा कपलिंग सैल असेल तर जोरात पळवताना चुकतं, हळू चालवताना नाही. इथे वेग कमी केला तरी तेवढंच सरकत होतं, आणि जितकी जास्त उलट-सुलट वळणं तितकं जास्त. म्हणजे दिशा बदलतानाच एखादी स्टेप हरवत होती. ड्रायव्हर पल्सच्या ज्या कडेला स्टेप मोजतो, नेमक्या त्याच क्षणी डिरेक्शन बदलत असेल तर असं होतं. एका फेऱ्याला 1600 पल्स आणि 5 मिलिमीटर पिचचा स्क्रू धरला तर एक स्टेप म्हणजे 0.003 मिलिमीटर. दिसणारसुद्धा नाही. पण अशा 1000 चुका एकाच बाजूला साचल्या की 3 मिलिमीटर होतात. सॉफ्टवेअरमध्ये स्टेप पिनपुढची 'अ‍ॅक्टिव्ह लो'ची खूण उलटी केली, काम झालं. त्या मालकाने तोवर नवे ड्रायव्हर मागवले होते.

मीटर हाताशी असेल तर पॅरलल पोर्ट तपासायला ऑसिलोस्कोप लागत नाही. 2 ते 9 या पिन डेटा बाहेर देतात, 18 ते 25 ग्राउंड. डिरेक्शनच्या पिनवर डीसी व्होल्ट लावून जॉग उलट-सुलट करा. आकडा 0 आणि 5 च्या आसपास उडी मारायला हवा. स्टेप पिनवर जॉग चालू असताना मधलाच कुठलातरी आकडा दिसतो, तो ठीक. कॉम्प्युटरच्या टोकाला सिग्नल आहे आणि बोर्डाच्या टर्मिनलवर नाही, तर केबल. बोर्डावर आहे आणि ड्रायव्हरवर नाही, तर मधला स्क्रू किंवा तार. काही मदरबोर्ड 5 ऐवजी 3.3 व्होल्टच देतात. तेवढ्यात जुन्या बोर्डावरचा ऑप्टो कधी पेटतो, कधी नाही. आणि प्रिंटरसाठी मिळणारा यूएसबी-ते-पॅरलल कन्व्हर्टर इथे चालत नाही, कितीही चांगल्या कंपनीचा असला तरी.

यूएसबीवाल्यांनी आधी विंडोजमधली यूएसबी वीज वाचवण्याची सोय बंद करावी. काम सुरू करून चहाला गेलात आणि परत येईपर्यंत संपर्क तुटला, असं होत असेल तर हीच शंका पहिली. लॅपटॉप असेल तर चार्जर काढून बॅटरीवर तोच जॉब चालवून बघा. दोन पिनच्या चार्जरमुळे लॅपटॉपचं ग्राउंड अधांतरी राहतं, हात लावला तर झिणझिण्या येतात; बॅटरीवर तक्रार गेली तर शोध तिथेच संपतो. केबल लहान घ्या, 5 मीटरच्या वर यूएसबी 2 ची केबल नेऊच नये.

जुन्या व्हीएमसी आणि लेथवर अजून आरएस-232 ने प्रोग्राम पाठवतात. तिथे अक्षरं वेडीवाकडी आली तर बॉड रेट किंवा पॅरिटी दोन्हीकडे सारखी नाही. अक्षरं बरोबर पण मधल्या ओळी गायब, तर मशीनने 'थांब' म्हटलेलं कॉम्प्युटर ऐकत नाही, हँडशेक तपासा. मशीन चालू असताना ही केबल काढू-लावू नका. दोन्हीकडच्या अर्थमध्ये फरक असेल तर पोर्ट जळतो, आणि तेव्हा मात्र कार्ड खरंच उडतं.

नवं प्लाझ्मा टेबल घेणार असाल तर पॉवर सोर्स हाय-फ्रिक्वेन्सी स्टार्टचा आहे की ब्लोबॅक स्टार्टचा, हे कोटेशनमध्ये लेखी मागा. ब्लोबॅकमध्ये आर्क टॉर्चच्या आतच इलेक्ट्रोड हलवून पेटतो, ती हजारो व्होल्टची ठिणगी लागत नाही. जो विक्रेता या प्रश्नाला उत्तर न देता बोर्डाच्या गॅरंटीबद्दल बोलू लागतो, त्याच्याकडून टेबल घेऊ नका.