उसाची तोड आणि कोयत्याची धार



गळीत हंगाम सुरू झाला की गट ऑफिसात येणाऱ्या तक्रारी मुख्यतः दोन. एक, टोळी वेळेवर आली नाही. आणि दुसरी, टोळी आली पण बुडखे उंच ठेवून गेली. पहिलीचा निकाल तोडणी कार्यक्रमात लागतो. दुसरीबद्दल आज थोडे सविस्तर लिहितो, कारण तिचे मूळ तोडकऱ्याच्या आळसात आहे असे आपण धरून चालतो, आणि ते बहुतेक वेळा कोयत्याच्या धारेत असते.

आधी नुकसानीचा हिशेब बघा. पक्व उसाच्या बुडाकडच्या कांड्यांत साखर सर्वांत जास्त, आणि शेंड्याकडे कमी. म्हणजे जमिनीत राहतो तो भाग सगळ्यात गोड. पाऊण ते सव्वा इंच जाडीच्या उसाचा बुडाकडचा २ इंचांचा तुकडा कापून तराजूत टाका, साधारण ३० ग्रॅम भरेल. चांगल्या प्लॉटात एकरी ४०,००० ऊस धरले तर ४०,००० गुणिले ३० ग्रॅम, म्हणजे १,२०० किलो. सव्वा टनाच्या आसपास ऊस रानात राहिला, आणि तोही उताऱ्याचा. त्याला आपल्याला मिळणाऱ्या दराने गुणा आणि मग ठरवा की हा विषय लहान आहे की मोठा.

आता बुडखा उंच का राहतो? ऊस जमिनीलगत तोडायचा म्हणजे कोयत्याचे पाते मातीत जाणार, आणि पात्याचा खरा वैरी ऊस नाही, माती आहे. उसाच्या सालीत आणि पाचटात सिलिका असते, ती धार थोडीथोडी खाते. पण मातीतली वाळू आणि खडा एका घावात धारेला खांडा पाडतो. तोडकऱ्याला हे आपल्यापेक्षा चांगले कळते. म्हणून तो हात दोन इंच वर धरतो. आपण बांधावर उभे राहून "खालून घ्या, खालून घ्या" म्हणतो, तेव्हा आपण त्याला धार मोडायला सांगत असतो, हे ध्यानात येत नाही.

मागच्या एका हंगामात मी एका वयस्क तोडकऱ्याला म्हटले, "मामा, दोन मोळ्या बांधून झाल्या की कानस मारत जा की." ते हसले. म्हणाले, "सायेब, पैसे टनावर हायेत. बसून कानस मारल्याले कोन देतंय? अन् कानस बी आमचीच." यात उत्तर द्यायला मला जागा नव्हती. नवरा-बायकोच्या जोडीला आपण 'एक कोयता' म्हणतो, एकट्याला 'अर्धा कोयता'. हिशेबाच्या वहीत माणसाला हत्याराचे नाव दिले, पण हत्याराच्या धारेचा खर्च कुणाच्याच वहीत नाही. माझे स्पष्ट मत असे की तो ऊसमालकाने करावा. एकरी सव्वा टन ऊस कुणाचा जातो? एक चांगली कानस आणि एक कुरुंदाचा दगड बांधावर ठेवायला लागणारा पैसा त्या मानाने काहीच नाही. वर दुपारच्या चहाच्या वेळी घरच्या गड्याने टोळीचे चार-सहा कोयते पाजळून दिले, तर जोडीचा वेळही मोडत नाही.

पाजळायचे कसे, ते आता पाहू. कोयता आधी धुवा. चिकट रस आणि माती असलेल्या पात्यावर कानस मारली तर कानशीचे दाते भरतात. मग पाते उन्हात धरून बघा की धार दोन्ही अंगांनी काढलेली आहे की एकाच. एकाच अंगाची असेल तर त्याच अंगाने पाजळावी. दोन्ही अंगांनी घासून लोक विनाकारण पाते बिघडवतात.

कोन महत्त्वाचा. दाढीच्या पात्यासारखी पातळ धार कोयत्याला नको, ती पहिल्याच खड्याला वळते. आणि कुऱ्हाडीसारखी जाड असली तर ऊस कापत नाही, चेचतो. दोन्ही अंगांनी धार असलेल्या कोयत्याला प्रत्येक बाजूने २० ते २५ अंशांचा कोन ठीक पडतो. हा मोजायला कंपास नको. कागदाचा चौकोनी कोपरा घ्या, तो ९० अंश. एकदा घडी घातली की ४५, दुसऱ्यांदा घातली की साडेबावीस. ती घडी पात्याला लावून कानस त्या कलाने धरायची.

कानस पुढे ढकलतानाच कापते. मागे आणताना उचलून घ्या. रेटून पुढे-मागे घासली की कानस लवकर बोथट होते आणि धार मात्र वर-खाली होते. कानस बरोबर बसते की नाही हे बघायला सोपी युक्ती आहे. धारेच्या उतारावर मुलांच्या स्केचपेनने रंग द्या आणि दोन हात मारा. रंग अगदी कडेपर्यंत गेला तर कोन बरोबर. कड रंगीत राहिली तर तुम्ही खांद्यावर घासताय, धारेवर नाही. नुसत्या पाठीमागच्या अंगाला घासून "कोयता लावला" म्हणणारे पुष्कळ असतात!

एका बाजूने पुरेसे घासले की दुसऱ्या बाजूला कडेवर बारीक पत्र्यासारखी कड उलटून येते. बोट पात्याच्या पाठीकडून धारेकडे हलके न्या (धारेच्या लांबीवरून कधीही फिरवू नका), खरखर लागेल. ती बुडापासून टोकापर्यंत लागली म्हणजे त्या बाजूचे काम झाले. मग दगडावर पाणी टाकून दोन्ही बाजूंनी हलक्या हाताने ती कड काढून टाकायची. हे शेवटचे काम बरेच जण सोडतात. उलटी कड राहिली तर कोयता पहिले दहा-वीस ऊस झकास कापतो आणि मग एकाएकी बसतो, कारण ती कड मोडून पडते.

विजेच्या सानेवर कोयता लावून आणणाऱ्यांना एक सूचना. पाते कोरडे धरून सानेवर जोर दिला की कड निळी पडते. निळा रंग म्हणजे तिथले पोलाद ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापले. लोहाराने दिलेले पाणी तिथे उतरले, तेवढा भाग मऊ झाला, तो धार धरणार नाही. पाते सारखे पाण्यात बुडवत जावे. आणि खांडे मोठे पडले असतील, पाते झिजून जाड झाले असेल, तर कानस मारत बसू नये, लोहाराकडून शेवटून आणि पाणी देऊन घ्यावे.

धार लागली की नाही हे ओळखायचे कसे? पुष्कळ जण अंगठा फिरवून "लागली" म्हणतात. अंगठ्याला खरखरीत धारही तीक्ष्ण वाटते. त्यापेक्षा उन्हात पाते धारेकडून डोळ्यांसमोर धरा. बोथट कडेवर पांढरी चकाकणारी रेघ दिसते, खरी धार दिसतच नाही. जिथे चमक तिथे काम बाकी. नंतर ऊस तोडून काप बघा. सपाट, ओला, गुळगुळीत काप असेल तर ठीक. धागे लोंबत असतील, बुडखा उभा चिरला असेल, तर कोयता परत दगडावर.

पण दोन कोयत्यांची तुलना करायची तर आकडा पाहिजे. कारखानदारीत यासाठी नियमच आहेत. सुऱ्यांच्या धारेसाठी २००४ सालचे आय.एस.ओ. ८४४२-५ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यात सिलिका मिसळलेल्या जाड कागदाच्या थप्पीवर ठरावीक दाबाने पाते मागे-पुढे फिरवतात. पहिल्या काही फेऱ्यांत किती खोल कापले यावरून धार, आणि पुढच्या फेऱ्यांत एकूण किती कापले यावरून धारेचा टिकाऊपणा कळतो. तीक्ष्णता आणि टिकाऊपणा या दोन निराळ्या गोष्टी आहेत, एवढे त्यातून आपण घ्यावे.

घरी करता येईल असा प्रयोग सांगतो. लाकडाच्या ठोकळ्यावर दोन खिळे इंच-दीड इंच अंतरावर ठोका, डोकी बोटभर वर ठेवा. त्यांच्यात बारीक तंगूस ताणून बांधा. ठोकळा किराणा दुकानातल्यासारख्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवून आकडा शून्यावर आणा. कोयत्याची धार तंगुसावर टेकवून सरळ खाली दाबा, करवतीसारखी ओढू नका. तंगूस तुटण्याच्या क्षणी काट्यावर जास्तीत जास्त जो आकडा आला, तो त्या धारेचा आकडा. तो पटकन जातो, म्हणून मुलाला मोबाईलवर चित्रण करायला सांगा. पात्याच्या तीन जागी मोजून सरासरी घ्या. आकडा जितका कमी तितकी धार तीक्ष्ण. तंगूस एकाच रिळाचा आणि ताण सारखा पाहिजे, नाहीतर तुलना फुकट. माप म्हणून दाढीचे कोरे पाते चिमट्यात धरून त्याचाही आकडा आधी घ्या. कोयता त्याच्या जवळ जाणार नाही, जायलाही नको. पण पाजळण्याआधी किती, नंतर किती, आणि दोन तास तोडल्यावर किती, हे तीन आकडे लिहून ठेवले की कोयता किती वेळाने परत लावायचा ते तुम्हाला तुमच्याच रानात कळते. मुरमाड रानात आणि काळ्या रानात ते सारखे येणार नाही.

ज्यांना खोडवा ठेवायचा आहे त्यांच्यासाठी तर हे दुप्पट महत्त्वाचे. बुडखा उंच राहिला तर वरचे डोळे आधी फुटतात आणि त्यांची मुळे वरच्या थरातच राहतात. जमिनीलगत स्वच्छ काप असेल तर खालच्या डोळ्यांतून जोमदार फुटवे येतात. बोथट घावाने बेट हलते, बुडखा चिरतो, त्यात पाणी आणि बुरशी शिरते. हार्वेस्टरने तोड होत असली तरी त्याच्या बुडाच्या पात्यांना हेच लागू. मशिन रानात शिरण्याआधी ती पाती बदलली आहेत का, हे विचारायला संकोच करू नका.

आणखी एक. बेण्याच्या प्लॉटात जाणारा कोयता वेगळा ठेवा. खोडव्याची वाढ खुंटवणारा जिवाणूजन्य रोग कापणाऱ्या पात्यावरच्या रसातून एका बेटातून दुसऱ्यात जातो. बेणे तोडण्याआधी पाते धुऊन उकळत्या पाण्यात काही मिनिटे धरावे.

टोळी येण्याआधी सरीतले मोठे दगड वेचून घ्या, ठिबकच्या नळ्या गोळा करा. मुकादमाशी पहिल्याच दिवशी बोलून कानस आणि दगड त्याच्या हाती द्या. आणि पहिल्या सरीची तोड झाली की पट्टी घेऊन दहा बुडखे मोजा, हवे तर आमच्या चिटबॉयला बरोबर घ्या. उंची वाढलेली दिसली तर टोळीला काही बोलण्याआधी एकदा कोयता मागून घेऊन त्याची धार उन्हात बघा.

— ऊस विकास अधिकारी