बॉक्सर आणि एमएमएवाला समोरासमोर आले तर?

प्रश्न : माझा मुलगा बॉक्सिंग शिकतो. एमएमएवाला (मिक्स्ड मार्शल आर्ट्स खेळणारा) बॉक्सरला सहज लोळवेल, असं त्याचे मित्र म्हणतात. खरं का?

उत्तर : नियम कुणाचे, यावर ते ठरतं. 2010 मध्ये बॉस्टनला माजी जगज्जेता बॉक्सर जेम्स टोनी एमएमएच्या पिंजऱ्यात उतरला. समोरचा रँडी कुटूर मूळचा कुस्तीगीर. तो ठोसेबाजीच्या फंदात पडलाच नाही. खाली झुकून त्याने टोनीचा पाय ओढला, त्याला पाडलं आणि पहिल्याच फेरीत मान आवळून हार मानायला लावली. उलट 2017 मध्ये एमएमएवाला कॉनर मॅकग्रेगर बॉक्सिंगच्या रिंगणात बॉक्सर फ्लॉइड मेवेदरपुढे दहाव्या फेरीत हरला.

बरेच बॉक्सर पुढच्या पायावर भार देतात. पिंजऱ्यात नेमका तोच पाय लाथेच्या टप्प्यात येतो. शिवाय एमएमएचे हातमोजे साधारण 4 औंसांचे, बॉक्सिंगचे 8 ते 10. मोठ्या मोज्यांआड चेहरा झाकता येतो, छोट्यांआड नाही.

माझ्या मते हातांचं कसब बॉक्सिंगइतकं कुठेच घोटून घेतलं जात नाही. तेव्हा मुलाचं बॉक्सिंग सोडवू नका. एमएमएची ओढ वाटलीच, तर जोडीला त्याला कुस्तीच्या तालमीत घाला.