हिऱ्याची निर्मलता : वज्रभस्माच्या दृष्टीने एक अभ्यास

रसशास्त्रातील रत्नवर्गात वज्राचे स्थान अग्रगण्य आहे. त्रैलोक्यचिंतामणी रसासारख्या कल्पात वज्रभस्म पडते. त्याची मात्रा अत्यल्प असली, तरी मूल्य मोठे असते आणि जबाबदारी त्याहून मोठी. असे असूनही हिरा घेताना आपण वैद्यमंडळी बहुधा एवढेच विचारतो, ‘हिरा चांगला आहे ना?’ त्यावर ‘व्हीव्हीएस आहे, वैद्यराज’ असे उत्तर मिळाले की आपले समाधान होते. या तीन अक्षरांचा नेमका अर्थ काय, ती कशाची ग्वाही देतात आणि कशाची देत नाहीत, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

या विचारास कारण झालेला अनुभव प्रथम सांगतो. काही वर्षांपूर्वी एका रुग्णाच्या नातेवाइकांनी घरातील जुन्या अंगठीतले दोन हिरे आमच्याकडे आणून दिले व त्यांचेच भस्म करून द्यावे असा आग्रह धरला. सोबत पेढीची पावती होती व तीवर ‘व्हीव्हीएस’ असा शेरा होता. साध्या डोळ्यांना दोन्ही खडे पाण्यासारखे स्वच्छ दिसत होते. आम्ही शेऱ्यावर विसंबलो. कुळथाच्या काढ्यात स्वेदन झाले आणि निर्वापासाठी खडे पहिल्यांदाच तापविले, तेव्हा एका खड्याच्या पृष्ठभागावर घामाच्या थेंबांसारखे बारीक मणी उमटले व आतून लांबलचक भेग स्पष्ट दिसू लागली. काम तेथेच थांबवून खडे प्रयोगशाळेत पाठविले. त्या खड्याच्या भेगेत शिसेयुक्त काच भरलेली होती. खडा हिराच होता, पण त्याची निर्मलता उसनी होती. तो माल आम्ही बाद केला. मात्र पहिल्या अग्नीतच ते मणी आमच्या नजरेस पडले नसते, तर ते शिसे खलात आणि खलातून रुग्णाच्या पोटात गेले असते, ही जाणीव आजही अस्वस्थ करते.

ग्रंथोक्त दृष्टी

रसरत्नसमुच्चयात सर्व रत्नांचे पाच सामान्य दोष सांगितले आहेत : ग्रास, त्रास, बिंदू, रेखा आणि जलगर्भता. यांपैकी ग्रास व त्रास यांचे अर्थ सर्व टीकाकार सारखे लावीत नाहीत. बिंदू, रेखा व जलगर्भता यांचा आशय मात्र आजच्या रत्नपरीक्षकासही सहज कळेल. रत्नाच्या आत दिसणारा ठिपका, आतून गेलेली रेघ आणि पाणी भरल्यासारखी धूसरता, हे ते तीन दोष होत.

याच ग्रंथात श्रेष्ठ वज्राचे वर्णन आठ फलकांचे, सहा कोनांचे, अतिशय तेजस्वी असे येते. अठराव्या शतकात ब्राझीलमध्ये हिरे सापडेपर्यंत जगाला हिरा प्रामुख्याने भारतातूनच मिळत असे, आणि ग्रंथकारांसमोर होता तो पैलू न पाडलेला, निसर्गाने घडविलेला अष्टफलक स्फटिक. अष्टफलकास आठ पृष्ठे व सहा कोन असतात, म्हणजे वर्णन प्रत्यक्षास धरून आहे. अशा अखंड स्फटिकात दोष लपविणे कठीण असते. आज आपल्या हाती येतो तो पैलू पाडलेला खडा किंवा हिऱ्याची कणी. तेथे स्वच्छ दिसणे आणि स्वच्छ असणे यांत अंतर पडू शकते.

आधुनिक श्रेणी

बाजारात ज्याला ‘क्लॅरिटी’ म्हणतात, ती म्हणजे अंतर्गत वैगुण्ये व पृष्ठभागावरील डाग यांचा अभाव. रंग आणि चमक या वेगळ्या गोष्टी आहेत. अमेरिकेतील जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ अमेरिका, म्हणजे ‘जीआयए’, या संस्थेने १९५० च्या दशकात रूढ केलेली पद्धती आज सर्वत्र आधारभूत मानली जाते. तीत दहापट मोठे दाखविणाऱ्या भिंगाखाली प्रशिक्षित परीक्षकाने केलेले निरीक्षण प्रमाण धरतात. एकूण ११ श्रेणी आहेत.

१. एफएल : आत वैगुण्य नाही, पृष्ठभागावर डागही नाही.
२. आयएफ : आत वैगुण्य नाही, पृष्ठभागावर किरकोळ खूण.
३. व्हीव्हीएस-१ व व्हीव्हीएस-२ : वैगुण्य इतके सूक्ष्म की कुशल परीक्षकासही भिंगातून कष्टाने दिसावे.
४. व्हीएस-१ व व्हीएस-२ : भिंगातून दिसणारी, पण किरकोळ वैगुण्ये.
५. एसआय-१ व एसआय-२ : भिंगातून लगेच लक्षात येणारी वैगुण्ये.
६. आय-१, आय-२ व आय-३ : ठळक वैगुण्ये, ज्यांमुळे पारदर्शकता, तेज वा टिकाऊपणा उणावू शकतो.

श्रेणी ठरविताना वैगुण्याचा आकार, संख्या, स्थान, स्वरूप आणि ठळकपणा या पाच बाबी पाहतात. खड्याच्या मध्यभागी असलेला काळा बिंदू कडेच्या बिंदूपेक्षा अधिक बाधक ठरतो. पिसासारखी दिसणारी भेग, ढगासारखा बिंदुसमूह, अडकलेला परका स्फटिक, वाढीच्या रेषा ही नेहमीची अंतर्गत वैगुण्ये होत.

येथे एक मूलभूत भेद ध्यानात घ्यावा. बाजारात दोषामुळे किंमत उतरते, तर रसशास्त्रात दोषामुळे द्रव्य अग्राह्य ठरते. व्यापाऱ्याची श्रेणी दागिन्यातील सौंदर्य व दुर्मीळता मोजते. औषधासाठीची ग्राह्यता मोजणे हा तिचा हेतूच नाही. शिवाय श्रेणी लावताना खडा हिरा आहे हे आधीच गृहीत धरलेले असते. निर्दोष काचेचा तुकडाही भिंगाखाली स्वच्छच दिसेल.

उसनी निर्मलता

निर्मलता कृत्रिमरीत्या वाढविण्याचे दोन प्रमुख मार्ग आहेत. पहिला लेसरवेधाचा. काळ्या बिंदूपर्यंत सूक्ष्म छिद्र पाडून आम्लाने तो विरंजित करतात. भिंगातून बाजूने पाहिल्यास पृष्ठभागापासून आत गेलेली सरळ नळी दिसते. दुसरा मार्ग भेग भरण्याचा. १९८० च्या दशकात इस्रायलमध्ये तो विकसित झाला. ज्या काचेचा वक्रीभवनांक हिऱ्याच्या जवळ जातो, अशी शिसे व बिस्मथयुक्त काच भेगेत भरली की भेग जवळजवळ दिसेनाशी होते. अशा भरीव खड्यास जीआयए श्रेणीच देत नाही. परंतु पेढीच्या पावतीवरचा शेरा म्हणजे प्रयोगशाळेचे प्रमाणपत्र नव्हे, हे आम्हास उशिरा कळले.

आपल्या दृष्टीने धोका हा की, शोधनाचे संस्कार वज्रासाठी सांगितलेले आहेत, वज्रात दडविलेल्या काचेसाठी नाहीत. कुळीथ, हिंग व सैंधवाच्या काढ्यात २१ वेळा तापवून विझविण्याच्या विधीत ही काच वितळून बाहेर येईल, काढ्यात व पात्रात मिसळेल आणि काही अंश भस्मातही उरेल. म्हणून परीक्षा अग्नीपूर्वीच झाली पाहिजे.

औषधशाळेतील परीक्षा

पुढील क्रम कोणत्याही औषधशाळेत पाळता येण्याजोगा आहे.

प्रथम खडा स्पिरिटने धुऊन तंतू न सोडणाऱ्या कापडाने पुसावा, कारण धुळीचा कण वैगुण्याचा भास निर्माण करतो. खडा चिमट्यात धरून पार्श्वभूमी काळी ठेवावी व प्रकाश बाजूने सोडावा. दहापट भिंग डोळ्याजवळ धरावे व खडा भिंगापासून सुमारे अडीच सेंटिमीटरवर आणावा. आधी वरून, मग खालून व बाजूंनी पाहावे. खडा हळूहळू कलवीत असताना भेगेच्या जागी नारिंगी, जांभळी वा निळी झळक उमटून लगेच दुसऱ्या रंगात पालटली, किंवा भेगेत चपटे बुडबुडे दिसले, तर भरीव खड्याचा संशय घ्यावा.

दुसरी परीक्षा ओळखीची. मॉयसेनाइटमध्ये तिरके पाहिल्यास मागील पैलूंच्या कडा दुहेरी दिसतात, हिऱ्यात दिसत नाहीत. केवळ उष्णतावहन मोजणारे छोटे यंत्र मॉयसेनाइटलाही हिरा म्हणू शकते, म्हणून त्यावर विसंबू नये.

तिसरी परीक्षा विशिष्ट गुरुत्वाची. हिऱ्याचे विशिष्ट गुरुत्व ३.५२, मॉयसेनाइटचे ३.२२, तर क्युबिक झिर्कोनियाचे सुमारे ५.६ ते ६ असते. कणीच्या मालातून ५ कॅरेट म्हणजे १००० मिलिग्रॅम घेऊन हवेत व उकळून निवविलेल्या पाण्यात वजन करावे. पाण्यात वजन ७१६ मिलिग्रॅम भरले, तर घट २८४ आणि भागाकार ३.५२ येतो. मात्र मिश्र मालात जड व हलके नकली खडे एकमेकांची चूक झाकू शकतात, म्हणून भिंगाची परीक्षा प्रत्येक खड्याची करावी.

प्रयोगशाळेत घडविलेल्या हिऱ्याचा प्रश्न वेगळा आहे. त्याचे घटकद्रव्य कार्बनच असते व त्याची निर्मलताही उच्च असू शकते, त्यामुळे साध्या भिंगाने निर्णय होत नाही. उच्च दाब-उच्च तापमान पद्धतीच्या खड्यांत लोह, निकेल वा कोबाल्ट या धातूंचे कण अडकलेले असू शकतात. असे काही खडे तीव्र चुंबकाकडे ओढले जातात. ग्रंथोक्त वज्र खनिज आहे, म्हणून असा हिरा भस्मासाठी घेऊ नये, असे आमचे मत आहे.

निष्कर्ष

भस्मासाठी हिरा घेताना क्रम असा असावा : आधी हिरा आहे की नाही, मग खनिज की घडविलेला, मग निर्मलता जन्मजात की भरलेली, आणि सर्वांत शेवटी श्रेणी. आपण आजवर हा क्रम उलटा पाळीत आलो. प्रत्येक खरेदीवर ‘उपचारित नाही’ असे लेखी घ्यावे. मोठ्या खड्यास प्रयोगशाळेचे प्रमाणपत्र मागावे. कणीच्या मालाचा नमुना एक्स-रे फ्लुओरेसन्स तपासणीस पाठवून शिसे व बिस्मथ नाही याची खात्री करावी आणि अहवाल त्या घाण्याच्या नोंदीसोबत जपावा. रुग्णाने आपुलकीने आणलेल्या घरच्या हिऱ्यालाही हाच नियम लावावा. तो नाकारण्याची वेळ आली, तर संकोच करू नये.

शास्त्राने निर्दोष वज्र घ्यावे असे सांगितले, ते दिसण्यापुरते निर्दोष असावे म्हणून नव्हे. भिंग वापरण्याची सवय आपण लावून घेतली, तर ग्रंथकारांनी सांगितलेले ते पाच दोष आजही आपल्या रुग्णांचे रक्षण करतील.